पैठणीचा रंग आणि ८० हजारांचा फोन

मी पैठणला राहते आणि पैठणी विकते. दुकान नाही माझं, विणकरांकडून माल घ्यायचा, घरीच फोटो-व्हिडिओ काढायचे, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अन् इन्स्टावर टाकायचे आणि ऑर्डर आली की कुरिअर करायचं, गिऱ्हाईक पुण्यापासून नागपूरपर्यंत कुठलंही असतं. म्हणजे माझा सगळा धंदा फोनवर, आणि फोन होता १२ हजारांचा. सुरुवातीला बरा चालला, मग हळूहळू कटकटी सुरू झाल्या.

सगळ्यात मोठी कटकट रंगाची. हातमागाच्या पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलवली की रंग बदलतो, त्याला आम्ही धूपछाँव म्हणतो. डोळ्याला ते इतकं सुंदर दिसतं की बास, पण फोनला ते पकडता येत नाही, तो दोन्हीतला एकच रंग धरून बसतो. त्यात जांभळा, वांगी आणि राणी हे रंग स्वस्त फोनला फारच जड जातात, जांभळ्याचा निळा होतो आणि राणीचा भडक लाल. वर जरीवर उजेड पडला की तिथं नुसता पांढरा पट्टा, पदरावरचा मोर कुठाय अन् मुनिया कुठाय काही कळत नाही. मग साडी पोचली की फोन, "ताई, फोटोत तर निळी होती हो". साडी परत, दोन्हीकडचं कुरिअर माझ्या अंगावर, आणि १५-२० हजारांचा माल घड्या मोडून आलेला, तो परत नव्यासारखा विकायचा म्हणजे किती अवघड ते हा धंदा करणाऱ्यालाच माहीत.

माझा भाऊ वाळूजला कंपनीत आहे, त्याच्याकडं ८० हजारांच्या पुढचा फोन. तो म्हणायचा, "ताई, एकदाच चांगला घे अन् मोकळी हो, १२-१२ हजारांचे घेत बसशील तर तेवढेच पैसे जातील." घरी आमचे हे म्हणायचे, १२ हजारांत फोन लागतो, पेमेंट होतं, फोटो निघतो, अजून काय पाहिजे? दोघांचंही ऐकून घेतलं आणि ठरवलं की आपणच बघू, कारण पैसे माझ्या धंद्यातून जाणार होते आणि साड्याही माझ्याच परत येत होत्या.

मी काय केलं, तर एक जांभळा-हिरवा धूपछाँवचा ब्लाऊजपीस पिशवीत टाकला, त्याला जरीचा काठ होता, आणि संभाजीनगरला सिडकोत कॅनॉटला गेले. तिथं मोबाईलची दुकानं ओळीनं आहेत. मी कपडा काढून काउंटरवर पसरला तर दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, फोन घ्यायचाय ना?" म्हणलं घ्यायचाच आहे, पण आधी हा कपडा ह्या फोनात कसा दिसतो ते बघू दे. बिचाऱ्यानं बघू दिलं. पण तिथं एक गोष्ट कळली की महाग फोनांचेच डेमो पीस चालू असतात, स्वस्तातले बरेचसे नुसते डमी असतात, आत काहीच नाही. म्हणजे ज्याला १२ हजारांत घ्यायचाय त्याला हातात घेऊन तपासायची सोयच नाही, त्यानं खोक्यावर छापलेलं वाचून पैसे द्यायचे. मला हे अजिबात पटलं नाही. स्वस्तातल्यासाठी मग माझा स्वतःचा आणि शेजारणीचा १८ हजारांचा असे दोन फोन धरले, दुकानातला एक ३० हजारांच्या आसपासचा आणि एक ८० हजारांचा.

दुकानातले एलईडी दिवे इतके पांढरेफटक असतात की तिथं सगळेच फोन चांगले दिसतात, त्यामुळं दिव्याखाली काढलेल्या फोटोवर जाऊ नका. डेमो फोनला चोरीची वायर बांधलेली असते, बाहेर नेता येत नाही, म्हणून मी काचेच्या दारापाशी जेवढं सरकता येईल तेवढं सरकले आणि बाहेरच्या उजेडात कपडा धरला. माझ्या फोनात जांभळा नेहमीसारखा निळा झाला आणि काठाची जर पांढरी. १८ हजारांच्यात जर थोडी सावरली पण रंग असा भडक की विकत घेणारीला ती साडी घरी आल्यावर फिकीच वाटणार. ३० हजारांच्यात जांभळा जांभळा आला, हिरवी झाकसुद्धा दिसली, जरीचे धागे मोजता आले नाहीत पण काठातली नक्षी उमटली. ८० हजारांच्यात काय फरक पडला तर जरीची एकेक तार वेगळी दिसायला लागली, आणि कपडा हळूहळू हलवत व्हिडिओ काढला तर रंग जांभळ्यातून हिरव्यात सरकताना मधली सावलीसुद्धा पकडली. हे बघून माझा जीव त्यात अडकला, खरं सांगते. हात न थरथरता धरला असं वाटावं इतका स्थिर व्हिडिओ.

मग सगळे फोटो माझ्या फोनावर व्हॉट्सॲपनं घेतले आणि तिथूनच ह्यांना पाठवले, कुठला कशातला ते न सांगता. ह्यांनी माझ्या फोनातला लगेच ओळखला, १८ हजारांचाही ओळखला, पण ३० आणि ८० मधला फरक काही सांगता आला नाही. कारण साधं आहे. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं. २०२३ पासून एचडीचं बटण आलंय, ते दाबलं तर बरा जातो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच फोटो जसाच्या तसा जातो. पण गिऱ्हाईक बघणार कुठं, तर तिच्या फोनावर, आणि तिच्या फोनाचा डिस्प्ले व्हिव्हिडवर, म्हणजे रंग भडक दाखवणाऱ्या सेटिंगवर असला तर तिला माझा खरा रंगही भडकच दिसणार. मी ५० हजार जास्तीचे घालून जी जरीची तार टिपणार होते ती निम्म्या वाटेतच गळून जात होती. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, ना दुकानदारानं ना भावानं.

हां, आता मेगापिक्सेलबद्दल. दुकानात पोरं पहिल्यांदा तेच सांगतात, ताई ह्याला १०८ मेगापिक्सेल आहे. तो १०८ वाला फोन साध्या मोडमध्ये नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, ५० वाला चार-चार एकत्र करून साडेबाराचा. फरक पडतो तो आतला सेन्सर, म्हणजे उजेड पकडणारी चिप, किती मोठा आहे, ओआयएस आहे का, म्हणजे हात हलला तर भिंग सावरतं का, आणि फोन आतल्या आत फोटोवर काय संस्कार करतो ह्यानं. मागं तीन-चार भिंगं दिसतात त्यातली २ मेगापिक्सेलची एक-दोन तर नुसती शोभेला असतात. तसंच रॅमचं. "८ अधिक ८, म्हणजे १६ जीबी रॅम" असं खोक्यावर लिहितात, त्यातली दुसरी ८ ही खरी रॅम नसते, स्टोरेजमधली जागा उसनी घेतलेली असते, आणि स्टोरेज रॅमपेक्षा लई हळू. स्वस्त फोनात ते स्टोरेज बऱ्याचदा ईएमएमसी ह्या हळू जातीचं असतं, चांगल्यात यूएफएस, ते वेगवान. माझा फोन दोन वर्षांतच अडखळायला लागला त्याचं निम्मं कारण हे होतं, ६४ जीबी साड्यांच्या फोटोंनी भरलेलं, ४ जीबी रॅम, आणि गिऱ्हाइकाच्या व्हिडिओ कॉलवर पदर दाखवता दाखवता चित्र अडकायचं. समोरची म्हणायची ताई दिसंना, आणि मी इकडं पदर धरून उभी.

मे महिन्यात भाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याचा फोन लग्नसराईच्या मालाला मनसोक्त वापरून घेतला. कॅमेरा तर प्रश्नच नाही, संध्याकाळी लाईट गेल्यावर खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडातही साडी नीट येत होती, माझ्या फोनात त्या वेळेला नुसते दाणे. पण आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा काही फोनाची किंमत बघत नाही. गच्चीवर साडी पसरून शूट करायला गेले, थोड्या वेळात स्क्रीन आपोआप मंद झाली, कॅमेरा अडखळायला लागला. ॲपलसारखी कंपनीसुद्धा आयफोन ० ते ३५ डिग्रीत वापरा असं लिहून देते, आणि आपल्याकडं मे महिन्यात चाळिशीच्या पुढं पारा जातो, परभणी-नांदेडकडं तर अजून जास्त. म्हणजे कंपनीच्या हिशोबानं आपण मार्च ते जून दुपारी फोन वापरूच नये. लिथियमची बॅटरी उन्हानं लवकर म्हातारी होते, हे ८ हजारांच्या फोनालाही लागू आणि दीड लाखाच्याही. उलट चार्जिंग माझ्या साध्या फोनाचं जास्त टिकायचं, ५००० एमएएचची बॅटरी आणि साधी स्क्रीन, भावाचा संध्याकाळी धापा टाकायचा. आणि खोक्यात चार्जर नाही, तो वेगळा विकत.

नाथषष्ठीला पैठणला लाखो वारकरी येतात, त्या दिवसांत नेटवर्कचा जो बोऱ्या वाजतो त्यातही महाग फोन काही वेगळं करत नाही, टॉवरच तुंबलेला असतो. ५जीबद्दल एक मात्र सांगते कारण स्वस्तात घेणारे इथं फसतात. आपल्याकडं ५जी ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, त्यात जिओचं एसए पद्धतीचं, म्हणजे स्वतःच्या पायावर चालणारं, आणि एअरटेलचं सुरुवातीपासून मुख्यतः एनएसए, म्हणजे ४जीच्या आधारावर चालणारं. काही एकदम स्वस्त ५जी फोन फक्त एसए धरतात. खोक्यावर ५जी छापलेलं असतं आणि सिम एअरटेलचं असलं की बऱ्याच ठिकाणी ४जीच येतं. विचारून घ्या.

दुरुस्तीचाही विचार केला. पैठणहून संभाजीनगर ५० किलोमीटर, कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिथं. १२ हजारांच्या फोनाची स्क्रीन आमच्या इथला पोरगा दुपारच्या दुपारी बदलून देतो, महाग फोनाला तो हात लावत नाही आणि लावूही नये, आणि कंपनीच्या स्क्रीनच्या पैशात एक अख्खा साधा फोन येतो. एक जमेची बाजू मात्र मान्य, आयपी६८. धूळ आत जात नाही आणि दीड मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो असा साधारण त्याचा अर्थ. आमच्याकडं मातीचे रस्ते, शेत, पाऊस, त्यामुळं हे कामाचं आहे, पण ते आता ३० हजारांच्या आतही मिळायला लागलंय.

मग खरी आकडेमोड केली, वहीवर. इथंच माझं मत ठरलं. फोनाची किंमत बघायची नाही, किंमत भागिले किती महिने तो धड चालणार ते बघायचं. १२ हजारांचा दोन वर्षांत थकला म्हणजे महिन्याला ५००. ३० हजारांचा पाच वर्षं चालवला तरी महिन्याला ५००. ८० हजारांचा अगदी सात वर्षं ओढला तर महिन्याला ९५० च्या वर. म्हणजे १२ आणि ३० हजारांचा फोन महिन्याच्या हिशोबानं एकाच भावात पडतो! हे बघितल्यावर मी दोन-तीनदा भागाकार तपासला. पण अट एकच, की तो पाच वर्षं चालला पाहिजे, आणि ते अपडेटवर असतं. सॅमसंगनं जानेवारी २०२४ ला एस २४ पासून ७ वर्षांचं अपडेट जाहीर केलं, गुगलनं त्याच्या आधी पिक्सेल ८ ला ७ वर्षंच सांगितली होती, ॲपल हे आधीपासून करतंय, २०१५ च्या आयफोन ६ एस ला २०२१ चं आयओएस १५ मिळालं होतं. पण आता हे फक्त महागातच राहिलेलं नाही. सॅमसंगच्या ए ३६ ला ६ वर्षं आहेत, आणि २०२४ मध्ये २० हजारांच्या आत आलेल्या ए १६ ५जी लाही सहाच. दुसरीकडं कितीतरी स्वस्त मॉडेलना दोन वर्षांनी कुणी विचारत नाही. अपडेट थांबलं म्हणून फोन लगेच बंद पडत नाही, पण सिक्युरिटी पॅच नाही आणि त्याच फोनावर आपले बँकेचे ॲप, त्यावर गिऱ्हाइकाचे पैसे येणार. धंदेवाल्या माणसानं हा धोका घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सेकंडहँड महाग फोन घ्यावा का हेही बघितलं, बऱ्याच जणींनी सुचवलं होतं. त्यात बॅटरी किती झिजलीय ते बघावं लागतं, आणि चोरीचा नाही ना हे आधी तपासावं. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनाचा ओळख क्रमांक, येतो, तो केवायएम लिहून स्पेस देऊन १४४२२ वर मेसेज करायचा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघायचं. मला बिल आणि वॉरंटी पाहिजे होती म्हणून मी तो रस्ता सोडला.

दुकानात ८० हजारांच्या फोनासाठी नो-कॉस्ट ईएमआयचा फार आग्रह झाला. "ताई, व्याजच नाही." व्याज असतंच. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्क्याच्या स्कीमला मनाई केलीय, त्यामुळं होतं असं की व्याज लागतं आणि तेवढी सूट किमतीत दाखवतात, वर क्रेडिट कार्डावरचा ईएमआय असला तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याकडून जातो, प्रोसेसिंग फी वेगळी. मी एवढंच विचारलं, रोख किंवा यूपीआयनं दिले तर किती? लगेच भाव खाली आला. ज्यांचं जीएसटीचं रेग्युलर रजिस्ट्रेशन आहे त्यांनी बिलावर आपला नंबर घालून घ्यावा, फोनावर १८ टक्के जीएसटी आहे आणि धंद्याच्या फोनाचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा होतो, कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं भरणाऱ्यांना, मात्र नाही.

शेवटी घेतला तो ३० हजारांच्या आसपासचा. मॉडेलचं नाव सांगत नाही कारण वर्षभरात ते दुकानातून जातं आणि दुसरं येतं, काय बघायचं ते वर सांगितलंच आहे. ८ जीबी खरी रॅम, २५६ जीबी यूएफएस, ओआयएस, सहा वर्षं अपडेट. आणि उरलेल्या ५० हजारांतला थोडासा भाग कुठं घातला तर एक साधा ट्रायपॉड आणि पांढऱ्या कार्डशीटा. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, थेट ऊन साडीवर पडू न देता, शेजारी पांढरी शीट ठेवून कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून असलेलं सेटिंग, साडेपाच हजार केल्विनच्या आसपास धरायचा, शीट डोळ्याला पांढरी दिसते तशीच स्क्रीनवर पांढरी दिसेपर्यंत. मग साडीचा रंग आपोआप जागेवर येतो. जरीसाठी एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली ओढायचं. फोटो एचडीत आणि धूपछाँवचा हलता व्हिडिओ वेगळा. रंगावरून परत येणाऱ्या साड्या जवळपास थांबल्या. हे तंत्र १८ हजारांच्या फोनातही चाललं असतं, थोडं कमी, पण चाललं असतं.

मग ८० हजारांचा कुणी घेऊच नये का? घ्यावा. आमच्या इथला एक पोरगा लग्नांचे रील्स शूट करतो, रात्रीची वरात, हळद, अंधारात नाचणारी माणसं. त्याला तो व्हिडिओ ३० हजारांच्या फोनात मिळत नाही, आणि त्याला लग्नामागं पैसे मिळतात, फोन त्याचा एका सिझनमध्ये निघतो. ज्याच्या फोनातनं पैसा बाहेर येतो आणि तो पैसा कॅमेऱ्याच्या त्याच वरच्या टोकावर अवलंबून आहे, त्यानं बिनधास्त घ्यावा. पण नोकरी लागली म्हणून, वर्गातल्या पोरांकडं आहे म्हणून, लग्नात हुंड्यासारखा मागितला म्हणून ईएमआयवर लाखाचा फोन, आणि घरी सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत, हे मी आजूबाजूला बघते तेव्हा फार जीव तुटतो. आई-बाप नाही म्हणू शकत नाहीत.

आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, शेतासाठी फोन लागतो. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याला स्वतःच ॲपवर करावी लागते, आपल्या गटात, म्हणजे शेतात, उभं राहून जीपीएस चालू करून कापसाचा, तुरीचा फोटो काढायचा. त्यांच्या ९ हजारांच्या फोनात दुपारी बांधावर स्क्रीनच दिसायची नाही, डोक्यावरनं उपरणं घेऊन त्याच्या सावलीत बघायचे, आणि लॉकस्क्रीनवर सारख्या बातम्या-जाहिराती, बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडायचं. त्यांच्यासाठी बघताना कॅमेऱ्याकडं बघितलंच नाही मी. उन्हात दिसणारी स्क्रीन, म्हणजे तिचा उजेड किती निट्स ते विचारायचं, अक्षरं मोठी होतात का, बॅटरी, आणि लॉकस्क्रीनच्या जाहिराती सेटिंगमधनं बंद होतात का. १५ हजारांत काम झालं. त्यांना ३० चा दिला असता तर पैसे वायाच.

आता नणंदेला घ्यायचाय, ती अंगणवाडीत आहे, बजेट २० हजार. तिला यादी करून दिलीय, अपडेट किती वर्षं ते कंपनीच्या साईटवरून बघ, दुकानदाराच्या तोंडावर नको, रॅम अधिकच्या चिन्हाच्या डावीकडची धर, उजवीकडची सोड, स्टोरेज यूएफएस आहे का विचार, सिम एअरटेलचं आहे तर एनएसए विचार, आणि रोख भाव आधी काढून घे, मग स्कीम ऐक. रविवारी जातोय आम्ही दोघी.